४५एल जाणार म्हणून एनर्जी स्टार सोडावं का?

आधी एक कबुली. मी अमेरिकेत रेटर आहे, म्हणजे नवीन घरं ऊर्जेच्या दृष्टीने तपासणारा तिऱ्हाईत माणूस. पंधरा वर्षं लोकांच्या दारात पंखा लावून घरातून हवा किती गळते ते तपासतोय आणि ४५एलच्या, म्हणजे ऊर्जा वाचवणारी घरं बांधणाऱ्या बिल्डरला मिळणाऱ्या केंद्रीय कर-सवलतीच्या (टॅक्स क्रेडिटच्या), प्रमाणपत्रांवर सह्या करतोय. ही सवलत राहिली तर माझं काम वाढतं, गेली तर घटतं. तेव्हा पुढचं सगळं तो हिशेब मनात धरूनच वाचा.

तुमचं म्हणणं मला असं समजलं. तुम्ही वर्षाला दहा-बारा घरं बांधता. सध्या आठ हातात आहेत. चार जूनच्या आत विकली जातील, उरलेली चार सप्टेंबर-ऑक्टोबरवर जातील. तुमच्या बिल्डर संघटनेने ‘४५एल वाचवा’ असं पत्र फिरवलंय आणि तुम्ही विचारताय की सही करून काही होणार आहे का. शिवाय क्रेडिट जाणारच असेल तर एनर्जी स्टारची, म्हणजे या क्रेडिटसाठी लागणाऱ्या ऊर्जा-प्रमाणपत्राची, कटकट सोडून सरळ कोडपुरतं, म्हणजे सरकारी बांधकाम-नियमांपुरतं, बांधावं का, हेही विचारलंय. हे दोन प्रश्न वाटतात, पण दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: हे क्रेडिट नक्की कोणत्या कामाचे पैसे देतं? त्याकडे येतोच, पण आधी तारखेचं बघू, कारण आज फेब्रुवारी २०२६ आहे आणि तुमच्याकडे चारच महिने आहेत.

४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्याने ४५एलची मुदत २०३२ वरून एकदम अलीकडे आणली. ३० जून २०२६ नंतर घेतलेल्या घराला क्रेडिट नाही. इथे बरेच जण चुकतात. घर बांधून झालं, इन्स्पेक्टरने पास केलं, ऑक्युपन्सीचा कागद हातात आला, याला किंमत नाही. राहायला म्हणून कोणीतरी ते तुमच्याकडून घेतलेलं हवं, म्हणजे क्लोजिंग (विक्रीची अंतिम कागदपत्रं) झालेलं हवं किंवा भाड्याने दिलेलं हवं. जूनच्या चार घरांमध्ये एखादं मॉडेल होम म्हणून सजवून ठेवायचा बेत असेल तर तो सोडा. भाडेकरूचा रस्ता कायदेशीर आहे, पण भाडेकरू खरा हवा आणि तो खरंच राहायला आलेला हवा. मेहुण्याच्या नावाने करार करून कुलूप लावून ठेवण्याची कल्पना मी ऐकली आहे. तसल्या घराच्या प्रमाणपत्रावर मी सही करणार नाही, कारण ती सही खोटी ठरली तर शिक्षा होऊ शकते अशा शपथेवर करावी लागते.

दुसरं, क्रेडिट कोणाचं? तर बांधकाम चालू असताना घर ज्याच्या मालकीचं असतं आणि खर्च ज्याच्या खात्यावर चढतो त्याचं. तुमच्या आठांपैकी एखादं घर तुम्ही गिऱ्हाइकाच्या प्लॉटवर, गिऱ्हाइकाच्या पैशाने, ठरलेल्या मजुरीवर बांधत असाल तर ते घर तुमच्या यादीतून काढा. बरं, गिऱ्हाइकाला तरी मिळेल का? तो स्वतःच राहणार असेल तर त्यालाही नाही, कारण त्याने ते कोणाकडून घेतलेलंच नाही. दोघांच्याही हाती भोपळा. हे आधी सांगितलं नाही म्हणून एका गिऱ्हाइकाने माझ्याशी वर्षभर बोलणं टाकलं होतं, म्हणून आता पहिल्या फोनवरच सांगतो.

तिसरं, रक्कम. एकेरी घराला एनर्जी स्टारवर २,५०० डॉलर आणि झीरो एनर्जी रेडी होम या त्याहून कडक प्रमाणपत्रावर ५,०००. २०२५ पासून घेतल्या जाणाऱ्या घरांना एनर्जी स्टारची ३.२ आवृत्ती लागते. जुन्या ३.१ च्या चेकलिस्टवर कोणी काम उरकत असेल तर आजच थांबवा. आता उभ्या असलेल्या घरांना मध्येच झीरो एनर्जी रेडीकडे वळवायचा मोह धरू नका. ते डिझाइनपासून ठरवायचं काम आहे, फ्रेमिंग (घराचा सांगाडा) झाल्यावर करायचं नाही. आणि २,५०० म्हणजे हातात २,५०० नव्हेत. क्रेडिटइतकी रक्कम घराच्या खर्चातून वजा करावी लागते, म्हणजे तेवढाच नफा वाढतो. २४ टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर ६०० डॉलर परत कराला जातात आणि १,९०० उरतात. फॉर्म ८९०८ भरायचा, तिथून आकडा फॉर्म ३८०० वर जातो. एका वर्षात जेवढं वापरता येत नाही ते एक वर्ष मागे किंवा २० वर्षं पुढे नेता येतं. म्हणजे यंदा धंदा तोट्यात असला तरी जूनपर्यंत कमावलेलं क्रेडिट मुदत संपली म्हणून बुडत नाही. तुमचा सीपीए, म्हणजे कराचा हिशेबनीस, बांधकामवाला नसेल तर एवढ्या गोष्टी त्याच्या कानावर घाला.

थोडक्यात, जूनची चार घरं बहुतेक बसतील, शरदातली चार बहुतेक नाही, आणि चार घरांचे हातात येणार साधारण ७,६०० डॉलर. आता मुख्य गोष्ट.

घराच्या भिंतीत खर्च करतो बिल्डर आणि बिल वाचतं ते घर घेणाऱ्याचं. सगळी गोम इथे आहे. गिऱ्हाइकाला क्वार्ट्झचा काउंटर दिसतो, भिंतीतलं इन्सुलेशन दिसत नाही. घराची किंमत ठरवणाऱ्या अप्रेझरला चौरस फूट आणि बाथरूम मोजता येतात, हवा किती गळते ते त्याच्या फॉर्मवर सहसा नसतं. म्हणून जो बिल्डर नीट काम करतो त्याला त्याचे पैसे बाजारातून परत मिळत नाहीत. ४५एल बिल्डरला दिलं जातं, घर घेणाऱ्याला नाही, ते याच कारणाने. पण पैसे चांगल्या खिडकीचे किंवा महागड्या हीट पंपाचे मिळतात असं समजू नका. माझ्या अनुभवात ते मिळतात ड्रायवॉल (आतल्या भिंतीचे जिप्समचे तक्ते) लागायच्या आधी एक तिऱ्हाईत माणूस टॉर्च घेऊन घरातून फिरतो, त्याचे.

एक घर सांगतो. दोन मजली, बांधणारा माणूस कामाला चोख, साइट इतकी स्वच्छ की बूट काढून आत जावं. त्याचं एनर्जी स्टार नव्हतं, मला फक्त शेवटच्या कोड टेस्टला बोलावलं होतं. मुख्य दारात लाल कापडाची चौकट ताणली, पंखा बसवला, आत-बाहेर हवेच्या दाबात ५० पास्कलचा फरक आणला. तिथल्या कोडप्रमाणे तासाला घरातली हवा ३ वेळांपेक्षा जास्त बदलायला नको. आकडा आला ६.१. त्याचा विश्वास बसेना. म्हणाला, तुझं मशीन बघ. मी पंखा चालूच ठेवला आणि धुराची पेन्सिल घेऊन वर गेलो. मोठ्या बाथरूममध्ये टबशेजारच्या स्विचबोर्डपाशी धूर सरळ आतल्या बाजूला फेकला गेला. बाहेर थंडी होती. हात लावला तर बोर्डातून येणारी हवा बोटांना झोंबत होती. थर्मल कॅमेऱ्यात टबमागची सगळी भिंत निळी.

झालं होतं असं. प्लंबर इन्सुलेशनवाल्याच्या तीन दिवस आधी आला आणि त्याने बाहेरच्या भिंतीला चिकटून टब बसवून टाकला. इन्सुलेशनवाला आला तेव्हा टबमागे हात जाईना, त्याने वरवर भरलं आणि पुढे गेला. टबच्या वर सजावटीसाठी छत खाली आणलं होतं, ती पोकळी अॅटिकला, म्हणजे छपराखालच्या माळ्याला, उघडी. म्हणजे अख्खं बाथरूम अॅटिकची थंड हवा पीत होतं. यात आपली चूक नाही असं सगळेच म्हणाले, आणि प्रत्येकाचं आपापल्या जागी बरोबर होतं. टब बसण्याआधी लक्षात आलं असतं तर एक ताठ फोमचा तुकडा, फट बुजवायच्या सीलंटची एक नळी आणि अर्धा तास एवढंच काम होतं. आता टाइल फोडायची, टब उचलायचा, तीन ट्रेडची माणसं परत बोलवायची. त्यात क्लोजिंग दोन आठवडे पुढे गेलं.

एनर्जी स्टारच्या चेकलिस्टवर टबमागची भिंत, डक्टची पोकळी, जिन्याखालची जागा, या सगळ्या ओळी आहेत, आणि त्या बघायच्या असतात ड्रायवॉलच्या आधी. सवलतीचे पैसे त्या भेटीसाठी असतात. तुमच्या घराला लावतात तो निळा स्टिकर त्या भेटीची पावती.

आता इतिहासाबद्दल थोडं, कारण पत्रात काय मागायचं ते त्यातूनच ठरतं. ४५एल आलं २००५ च्या ऊर्जा कायद्यातून, लागू झालं २००६ पासून. तेव्हा रक्कम २,००० डॉलर, आणि अट होती की हीटिंग-कूलिंगची ऊर्जा ठरलेल्या नमुना घरापेक्षा निम्मी लागावी. तुलनेचं कोड जुनं होत गेलं, राज्यांची कोडं मात्र पुढे सरकली. शेवटी शेवटी अशी वेळ आली की साधी, कोडपुरती बांधलेली घरंही पात्र ठरायला लागली. आमच्याच धंद्यातल्या काहींनी यावर चांगली कमाई केली. तीन-तीन वर्षांपूर्वी विकलेल्या घरांचे नकाशे घ्यायचे, सॉफ्टवेअरमध्ये घालायचे, नमुन्यादाखल एखाद-दुसऱ्या घरात डोकावायचं आणि जुनी रिटर्न दुरुस्त करून क्रेडिट काढून द्यायचं. बेकायदेशीर नव्हतं. पण ती घरं विकून झालेली होती, त्यातली एकही भिंत या पैशाने सुधारणार नव्हती.

त्यात भर मुदतीच्या खेळाची. २०११ अखेर क्रेडिट संपलं आणि जानेवारी २०१३ मध्ये २०१२ सालासाठी मागे जाऊन परत मिळालं. २०१७ चं क्रेडिट फेब्रुवारी २०१८ मध्ये जिवंत झालं. २०१८ आणि २०१९ चं २०१९ च्या डिसेंबरमध्ये. म्हणजे मार्च २०१८ मध्ये विकलेल्या घरावर आपल्याला क्रेडिट आहे हे बिल्डरला पावणेदोन वर्षांनी कळलं. ज्याने बांधताना ते धरलंच नव्हतं, त्याला बक्षीस मिळालं. ज्याने धरून बांधलं, तो मधल्या काळात बँकेला काय सांगणार?

२०२२ च्या इन्फ्लेशन रिडक्शन अॅक्टने हे दोन्ही दुरुस्त केलं. मुदत एकदम दहा वर्षांची दिली आणि टक्क्यांच्या हिशेबाऐवजी थेट एनर्जी स्टार आणि झीरो एनर्जी रेडीची अट घातली. चालू बांधकामात तपासणी झालेली नसेल तर नंतर सॉफ्टवेअरवर ते जमवता येत नाही. म्हणून माझ्या मते २०२३ नंतरचं ४५एल हेच पहिल्यांदा खऱ्या अर्थाने बांधकामाला धरून असलेलं ४५एल होतं. आणि नेमकं तेच साडेतीन वर्षांत गुंडाळलं जातंय.

म्हणून सही करा, पण छापील पत्रावर नुसती करू नका. तुमच्या संघटनेचं पत्र मी बघितलेलं नाही, पण अशी पत्रं बहुतेक ‘सवलत चालू ठेवा, घरं महाग होतील’ एवढ्यावर थांबतात. त्यात तुमची दोन मागण्यांची भर घाला.

पहिली, तारीख कशावर मोजायची ती. भिंत कशी बांधायची हे तुम्ही परमिट काढताना ठरवता. घर कधी विकलं जाईल हे व्याजदर, घेणाऱ्याचं कर्ज आणि त्याचं जुनं घर यावर ठरतं. तरी ४५एलची तारीख विक्रीवर लावली. याच कायद्यात, याच ३० जून २०२६ च्या तारखेला १७९डी ही मोठ्या इमारतींची वजावटही संपते. पण तिथे बांधकाम कधी सुरू झालं ते बघतात, आणि त्या तारखेआधी सुरू झालेली इमारत पुढे केव्हाही पूर्ण होवो, तिला वजावट मिळते. ऑफिस बांधणाऱ्याला जो न्याय, तो घर बांधणाऱ्याला का नाही? तुमची शरदातली चार घरं याच फरकामुळे बाहेर पडतात. त्यांच्यात इन्सुलेशनचा एक इंचही कमी नाही. खासदाराच्या ऑफिसातल्या माणसाला हे दोन मिनिटांत समजतं, आणि फार मोठी मागणी वाटत नाही.

दुसरी, मागे जाऊन पुनरुज्जीवन नको, पुढची ठरलेली मुदत द्या, कमी वर्षांची असली तरी चालेल. ‘पाच वर्षं द्या आणि सहाव्या वर्षी बंद करा’ हे मला ‘दर डिसेंबरला बघू’ यापेक्षा कितीतरी बरं वाटतं.

पत्रात स्वतःचे आकडे घाला. किती घरं, एनर्जी स्टार सुरू करण्याआधीचा तुमचा हर्स इंडेक्स (घर किती ऊर्जा खातं त्याचा आकडा) किती आणि आता किती, डक्टची गळती किती होती आणि किती झाली. हर्समध्ये १०० म्हणजे २००६ च्या कोडाचं घर आणि शून्य म्हणजे वर्षभरात जितकी ऊर्जा वापरतं तितकीच तयार करणारं, हे एका ओळीत समजावून सांगा. ‘हरित’, ‘शाश्वत’ असे शब्द जपून वापरा. कर कायदा अमेरिकी संसदेच्या खालच्या सभागृहाच्या, म्हणजे हाऊसच्या, वेज अँड मीन्स कमिटीत आणि सिनेटच्या फायनान्स कमिटीत लिहिला जातो. तुमचा प्रतिनिधी त्यांत नसेल तरी त्याच्या मतदारसंघातल्या ऑफिसला बोलवा. एका सकाळी साइटवर पंखा लावून दाखवा. पंखा चालू असताना आउटलेटपाशी हात धरायला सांगा. मी तीनदा केलंय, तिन्ही वेळा पाहुण्याने पुढचा प्रश्न स्वतःच्या घराबद्दल विचारला.

होईल का काही? २०२५ मध्ये हाऊसच्या मसुद्यात ४५एलची सर्वसाधारण मुदत त्याच वर्षाच्या अखेरीची होती, अंतिम कायद्यात ती सहा महिने पुढे गेली. सहा महिने तुम्हाला क्षुल्लक वाटतील, पण तुमची जूनची चार घरं त्यातच बसतात. तो कायदा हाऊसमध्ये २१८ विरुद्ध २१४ असा काठावर पास झाला, तेव्हा एकेका ऑफिसला महत्त्व आहे. तरीही लगेच काही उलटेल या भरवशावर घराची किंमत लावू नका. आलंच तर वर्षअखेरच्या एखाद्या मोठ्या विधेयकाला चिकटून येईल.

विरोधकांचं म्हणणंही ऐकून ठेवा, कारण ते तुम्हाला विचारलं जाईल: ‘जे बिल्डर असंही चांगलं बांधणार होते त्यांना फुकट पैसे का?’ यात तथ्य आहे. जिथे २०२१ चं ऊर्जा कोड लागू आहे तिथे कोड आणि एनर्जी स्टार यांतलं अंतर थोडं आहे, आणि शेकडो घरं बांधणाऱ्या कंपन्यांना या क्रेडिटची तुमच्याइतकी गरज नव्हती. नाकारू नका. ‘आमच्याकडे तपासणी याच पैशाने सुरू झाली’ एवढं सांगा. खरं असेल तरच.

आता दुसरा प्रश्न, एनर्जी स्टार सोडायचं का. इथे मी सरसकट उत्तर देणार नाही. तुमच्या गावात कोड कोणतं आहे, वीज कंपनीची नवीन घरांसाठी योजना आहे का, आणि तुमची घरं कोण घेतं, यावर ते ठरतं. वीज कंपनीची योजना असेल तर तिचे पैसे ४५एलवर अवलंबून नसतात, पण ती बहुतेक वेळा एनर्जी स्टारचाच कागद मागते. लेबल सोडलंत तर तेही जातील. स्थानिक करातही बघा. व्हर्जिनियात राज्याच्या कोडापेक्षा ३० टक्के जास्त कार्यक्षम इमारतींना मालमत्ता कराचा वेगळा, कमी दर लावायची मुभा गावांना आहे. सिनसिनाटीत लीड (LEED) या हरित इमारतींच्या प्रमाणपत्राच्या घरांना मालमत्ता करात सूट मिळते. न्यू मेक्सिकोचं स्वतःचं टॅक्स क्रेडिट आहे. अमेरिकी काँग्रेसने (संसदेने) काय केलं याने यांना फरक पडत नाही.

यातलं तुमच्याकडे काहीच नसेल आणि पहिलंच घर घेणारी मंडळी तुमची गिऱ्हाइकं असतील, तर लेबलचा कागदी भाग सोडला तरी मी तुम्हाला दोष देणार नाही. पण दोन भेटी सोडू नका, एक ड्रायवॉलच्या आधीची आणि एक शेवटची पंख्याची. शेवटची बहुतेक ठिकाणी कोडनेच मागितलेली असते, तिचा खर्च तुम्ही करताच आहात. म्हणजे लेबल सोडून वाचणारी रक्कम तुम्ही समजता त्यापेक्षा कमी आहे. त्यासमोर एक टाइल फोडलेलं बाथरूम आणि दोन आठवडे लांबलेलं क्लोजिंग ठेवून बघा.

एक बारीक गोष्ट राहिली. तुमच्या सेल्सवाल्यांच्या माहितीपत्रकात ‘सोलरवर ३० टक्के केंद्राची सवलत’ अशी ओळ असेल तर आजच काढा. घरमालकाचं ते क्रेडिट ३१ डिसेंबर २०२५ ला संपलं, आणि जुन्या घरांच्या सुधारणांचं २५सीही त्याच दिवशी. घर घेणाऱ्याने ती ओळ वाचून पॅनेल लावले आणि पुढच्या एप्रिलमध्ये त्याच्या सीपीएने नाही म्हटलं, तर तो तुमच्या दारात येईल.

तुमच्या शरदातल्या चार घरांपैकी एक अजून फ्रेमिंगला आहे असं तुम्ही लिहिलंय. क्रेडिट नसलं तरी त्या घरासाठी तुमच्या रेटरला या आठवड्यात फोन करा, आणि प्लंबरला सांगा की रेटर येऊन जाईपर्यंत टब गॅरेजमध्येच राहू दे.